न भाजणारे हात

बेकरीच्या गल्ल्यावर बसणाऱ्या बाईला माणसं जितकी कळतात तितकी लग्न जुळवणाऱ्यालाही कळत नसतील. कोण कालचा पाव आजचा म्हणून परत आणतं, कोण सुनेचं नाव सांगून स्वतःसाठी केक नेतं, कोण 'कशा आहात' विचारतं आणि उत्तर ऐकायच्या आधीच टोस्टच्या बरणीकडे बघतं, हे सगळं ताईच्या डोक्यात जमेच्या नाहीतर खर्चाच्या बाजूला नीट मांडलेलं असायचं. गिऱ्हाइकं तिला हसून घाबरत. तीही कुणाला फार सतावत नसे, फक्त आपल्याला कळलंय एवढं समोरच्याला कळू द्यायची.

तिच्या डोक्यातली सगळ्यात जुनी बाकी मात्र घरातलीच होती, धाकट्या भावाच्या नावावर. भट्टी त्याला मिळाली होती आणि तिला गल्ला.

या घरात भट्टी वयाने मिळत नसे, हाताने मिळे. ही आजोबांनी घालून दिलेली रीत. मूल अठराचं झालं की एखाद्या दुपारी सगळं घर भट्टीखोलीत जमायचं. पावाचा ट्रे बाहेर निघायचा, घटकाभर दम खायचा, आणि मग त्या मुलाने तो उघड्या हातांनी उचलून भट्टीपासून टेबलापर्यंत न्यायचा. मधे फडकं नाही, हातमोजा नाही, तोंडातून हूं की चूं नाही. ज्याने नेला त्याची भट्टी. ज्याने टाकला त्याने गल्ला सांभाळायचा, सायकलवरून पाव पोचवायचे, नाहीतर बाहेर आपला रस्ता बघायचा. याला घरात 'ट्रे धरणं' म्हणत, आणि ज्याला जमलं त्याला 'हात आला' म्हणत. हात आलेल्याच्या तळव्यांवर दुसऱ्या दिवशी टपोरे फोड उठायचे. ते तो नवी अंगठी दाखवावी तसे गल्लीभर दाखवत फिरायचा.

ताईने अठराव्या वर्षी ट्रे उचलला आणि दुसऱ्याच पावलाला किंचाळून टाकला. पाव टेबलाखाली गडगडले. काका, म्हणजे तिच्या वडिलांचे धाकटे भाऊ, तेव्हा भट्टीवर असत. ते म्हणाले, "वा! पोरीने मांजरांची सोय केली." दोन वर्षांनी तिच्या भावाने तोच ट्रे उचलला, अर्ध्या वाटेत थांबला, सगळ्यांकडे वळून "कुणाला गरम पाव हवाय का?" म्हणून विचारलं आणि मग रमतगमत टेबलावर नेऊन ठेवला. त्या दिवसापासून त्याला सगळं गाव उस्ताद म्हणू लागलं. ताईही म्हणायची. पण तिच्या तोंडी त्या शब्दाला जराशी आंबट चव असायची.

पुढे ताईने आपल्या मुलालाही ट्रेपुढे उभं केलं. त्याने तो उचलला, घरात कधी कुणी न उच्चारलेला एक शब्द उच्चारला आणि दोन्ही हात पाण्याच्या पिंपात घातले. आता तो गाड्या दुरुस्त करायचा आणि मजेत होता. दुःख काय ते एकट्या ताईला.

हात आलेल्यांना ओळखायची आणखी एक खूण होती, ती म्हणजे त्यांची चाल. गुडघा उंच उचलायचा आणि पाऊल पुढे टाकायचं, जसं काही कोरड्या रस्त्यावरही घोटाभर पाणी साचलंय. पिंढऱ्या काटकुळ्या, तळपाय मधे कमानीसारखे उचललेले, पायाची बोटं आत वळलेली. वडील तसे चालायचे, काका तसे चालायचे, उस्ताद तसा चालायचा. गल्लीतली पोरं मागून "बगळे चालले, बगळे चालले" करायची. घराला त्याचाही अभिमान. उस्तादच्या एकुलत्या एका मुलीचे पाय लहानपणापासून असेच बारीक, म्हणून तिला घरीदारी सगळे बगळीच म्हणत. शाळेत ती धावताना हमखास पडायची. "बगळे काय धावतात का? बगळे उडतात," असं काका म्हणायचे, आणि तीही गुडघे झटकून हसायची.

बगळी आता अठराची व्हायला आली होती. तिच्या ट्रेचा दिवस जवळ आला होता. आणि त्याच सुमाराला ताईला एका सकाळी गल्ल्यावर बसल्या बसल्या जळका वास आला.

आधी तिला वाटलं पाव करपले. मग वाटलं कुणीतरी भट्टीत प्लास्टिक टाकलं. आत जाऊन बघते तो उस्ताद एका पुरवठादाराशी गप्पा मारत उभा. त्याच्या पायाखाली भट्टीतून उडालेला निखारा होता. चपलेचा तळ वितळून फरशीला चिकटला होता आणि धूर येत होता.

"अरे, पाय!" ताई ओरडली.

"काय पाय?" उस्तादने खाली बघितलं. "अरेच्चा! चप्पल गेली की." आणि पुरवठादाराकडे वळून म्हणाला, "बघा, तुमच्या गप्पांत चप्पल भाजली माझी."

दोघे हसले. ताई हसली नाही, कारण चपलेबरोबर आणखी काहीतरी भाजल्याचा वास तिच्या नाकाला कळला होता. तिने त्याला स्टुलावर बसवून पाय वर घेतला. तळव्याला कातडं उरलं नव्हतं. आणि त्याच्या बाजूला एक जुनी, काळ्या कडेची जखम होती, किती दिवसांची कोण जाणे.

"दुखत नाही?"

"दुखलं असतं तर सांगितलं नसतं का?"

तीन आठवडे मलम झालं, पट्ट्या झाल्या, उस्तादच्या बायकोने हळदीपासून मधापर्यंत सगळं लावून बघितलं. जखम भरेना. शेवटी ताईने त्याला ओढत मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथून त्यांना नसांच्या विभागात पाठवलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मऊ आणि हाताने चपळ. त्यांनी उस्तादला पलंगावर बसवलं आणि चपला, मोजे काढायला लावले. "डोळे मिटा. मी कुठेही हात लावला की हो म्हणा."

उस्तादने डोळे मिटले. बाईंनी अंगठ्याला कापूस लावला. उस्ताद गप्प. घोट्याला लावला. गप्प. मग सुईचं टोक बोटांना एकेक करून टोचलं. गार पाण्याची काचेची नळी तळपायाला टेकवली, मग गरम पाण्याची. थरथरणारा चिमट्यासारखा एक दांडा अंगठ्याच्या हाडावर धरला.

"सुरू करा की," उस्ताद डोळे मिटूनच म्हणाला.

ताईच्या तोंडून सवयीने हसू फुटलं आणि तिथेच थिजलं. डॉक्टरीणबाईंनी सुई खाली ठेवली.

हातांचंही तेच निघालं, थोडं कमी. मग बाईंनी विचारलं, "घरात अजून कुणाला असं आहे का? पाय असे, किंवा भाजलेलं न कळणं?"

हा प्रश्न ताईला फार आवडला. अशा प्रश्नाचं उत्तर हे घर पिढ्यानपिढ्या तयार ठेवून होतं. "असं म्हणजे? आमचं घराणंच त्याचं आहे," ती म्हणाली. "आमचे आजोबा, वडील, काका. सगळ्यांना हात आलेला. काकांची तर गोष्टच आहे. गोदामात झोपले होते आणि उंदरांनी पायाची दोन बोटं कुरतडली. सकाळी उठून म्हणतात, चप्पल सैल का होतेय? काका एकदा झोपले ना, की तोफ उडवा—"

ती थांबली. ही गोष्ट तिने गल्ल्यावर शंभर वेळा सांगितली असेल. दरवेळी इथे लोक हसायचे. डॉक्टरीणबाई हसल्या नव्हत्या.

"त्यांना जाग आली नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी ते विचारलं नव्हतं, नुसतं म्हटलं.

मग त्यांनी समजावलं. ही ताकद नाही. हा नसांचा आजार आहे आणि रक्तातून येतो. पायाच्या बोटांपासून सुरू होतो आणि सावकाश वर चढतो. आधी गरम-गार कळेनासं होतं, मग दुखणं कळेनासं होतं, स्नायू बारीक होतात, पाऊल लोंबतं म्हणून गुडघा उचलून चालावं लागतं. हातापर्यंत आला की बटण लावणं, किल्ली फिरवणं जड जातं.

उस्तादने शर्टावरचा हात हळूच मांडीखाली घेतला. वर्षभर त्याची बटणं बायको लावत होती. "सेवा करून घेतोय," असं तो सांगायचा.

"औषध?" ताईने विचारलं.

"मेलेली नस परत आणणारं आज तरी नाही. पण बोटं जातात ती आजाराने नाही, न कळलेल्या जखमेने. ते आपल्या हातात आहे. रोज पाय बघायचे, बूट नीट घालायचे, भट्टीपाशी हातमोज्याशिवाय जायचं नाही. जितकं लवकर कळेल तितकं वाचतं." त्यांनी उस्तादकडे बघितलं. "मुलं आहेत?"

"एक मुलगी."

"तिच्यात असण्याची शक्यता अर्धी, नसण्याची अर्धी. तिला सगळं नीट सांगा. ती म्हणाली तर आपण तपासू."

निघताना बाईंनी ताईच्या पायालाही कापूस लावून बघितला. ताईला गुदगुल्या झाल्या. सुई टोचली तेव्हा ती पलंगावरून उडाली. "तुमच्या नसा ठणठणीत दिसतात," बाई हसून म्हणाल्या.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ताईच्या मनात जे आलं ते तिने कुणाला कधीच सांगितलं नसतं. आधी आलं: माझा मुलगा सुटला. मग आलं: म्हणजे मी हरलेच नव्हते. पंचवीस वर्षांहून जुनी बाकी एका सुईने फिटली. क्षणभर तिला इतकं हलकं वाटलं की पायरीवर उडी मारावी. मग तिने पुढे बघितलं. भाऊ कठडा धरून, एकेक गुडघा उचलत, पट्टीचा पाय जपून टाकत उतरत होता. पाठमोरा तो अगदी वडिलांसारखा दिसत होता. ताईला आपल्या त्या क्षणाची शिसारी आली.

रस्त्यावर आल्यावर उस्ताद म्हणाला, "घरी बोलू नकोस."

"बगळीचा ट्रे पुढच्या आठवड्यात आहे."

"म्हणूनच म्हणतोय."

"म्हणजे? ट्रे थांबवायला नको?"

"थांबवायचा कशाला? धरू दे." तो तिच्याकडे न बघता चालत होता. "समज, तिने टाकला. मग सुटली ना? काही न सांगता सुटली. तिला कशाला आयुष्यभराचा घोर लावायचा?"

"आणि धरला तर?"

"टाकेल. आईच्या वळणावर गेलीय ती."

"पाय कुणाच्या वळणावर गेलेत ते बघितलंस?"

उस्ताद थांबला. इतका वेळ मऊ असलेला त्याचा आवाज एकदम धारदार झाला. "बोल मग. जा, सगळ्यांना सांग. लोक काय म्हणतील ठाऊक आहे? स्वतःला जमलं नाही, पोराला जमलं नाही, आता आत्याबाई भाचीच्या आड आल्या. तुझ्या तोंडून ऐकलं तर डॉक्टरचंही खोटं वाटेल माणसांना."

ताईला लोकांची नस माहीत, तशी भावाला ताईची. तो बरोबर नेमक्या जागी बोलला होता. ती गप्प बसली. आणि पुढचे सहा-सात दिवस गल्ल्यावर बसून, माणसांच्या बारीकसारीक लबाड्या टिपणारी ही बाई स्वतःची लबाडी काही केल्या कुठल्या बाजूला मांडू शकली नाही.

ट्रेच्या दिवशी भट्टीखोलीत उभं राहायला जागा नव्हती. काका मैद्याच्या पोत्यावर काठी टेकून बसले होते. तोकड्या बोटांचे पाय त्यांनी मुद्दाम समोर काढून ठेवले होते. शेजारचा न्हावी आला होता, पीठवाला आला होता, दोन-तीन जुनी गिऱ्हाइकं आली होती. बगळीने बाह्या कोपरापर्यंत सारल्या होत्या, केस घट्ट बांधले होते, आणि ती पायाच्या बोटांवर उभी राहू बघत होती. ते तिला कधीच जमत नसे, दरवेळी आईच्या खांद्यावर कलंडत होती.

"मांजरांना बोलावून ठेवलंय का?" काकांनी विचारलं. सगळे ताईकडे बघून हसले.

"तुमच्या पायाशी बसलीत की, उरलेल्या बोटांसाठी," ताई म्हणाली. हशा उलटला. काकाही खोखो हसले.

उस्तादने भट्टीतून ट्रे ओढला. पाव फुगून तांबूस झाले होते, वाफा वर जात होत्या. "दम खाऊ दे जरा," म्हणत तो ट्रे घेऊन फळ्यांच्या आडोशामागे गेला. तिथे साचे, रिकामे ट्रे, पोती असा पसारा असायचा. इकडे काकांनी आजोबांची गोष्ट सुरू केली. गोष्ट संपता संपता उस्ताद वाफाळत्या पावांचा ट्रे घेऊन आला आणि भट्टीच्या तोंडाशी ठेवून बाजूला झाला. "घे," म्हणाला.

टाक गं, ताई मनात म्हणाली. टाक. किंचाळ, शिव्या दे, पाव लोळव सगळीकडे, पण टाक. ट्रे पडावा म्हणून या खोलीत आजवर कुणी इतकी मनधरणी केली नसेल.

बगळीने ट्रे उचलला. गुडघे उचलत चालू लागली. अर्ध्या वाटेत थांबली, सगळ्यांकडे वळली आणि बापाच्याच आवाजात म्हणाली, "कुणाला गरम पाव हवाय का?"

खोली दणाणली. तिने ट्रे टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात वर केले. काका काठी आपटून ओरडले, "आला! पोरीला हात आला!" न्हाव्याने शिटी मारली. बगळीच्या आईचे डोळे भरले होते. तिने ताईचा दंड धरला. "वन्सं, बघितलंत? बघितलंत ना?" मग ताईचा चेहरा बघून तिचा हात सैल झाला. "निदान आज तरी हसा हो," ती हळूच म्हणाली.

ताईने हसायचा प्रयत्न केला. तिची नजर भावाला शोधत होती. उस्ताद भट्टीला टेकून उभा होता आणि हसत होता. तोंडदेखलं नाही, ओझं उतरल्यासारखं. ते तिला कळेना. त्याच्या जागी ती असती तर फरशीवर बसकण मारली असती.

मंडळी पुढे दुकानात गेली. चहा यायचा होता, पाठी थोपटणं चाललं होतं. पावांना गिऱ्हाईक थांबलं होतं म्हणून ताई आत आली. टेबलावर ट्रे तसाच होता. पाव काढायला तिने नादात हात पुढे केला, काठ धरला, आणि मग लक्षात आलं की फडकं घेतलंच नाही.

तिने जीव मुठीत धरून वाट बघितली. काही झालं नाही. दुसऱ्या हाताने धरला. भाजेना.

मलाही! पलंगावरून उडालेली मी, गुदगुल्या होणारी मी, इतक्या दिवसांत माझ्याही हातांचं हे झालं? ती तशीच, ट्रेला धरून, त्याच्यावर वाकून उभी राहिली. मग काय वाटलं कोण जाणे, तिने गाल ट्रेला टेकवला. कोमट. उन्हात वाळत घातलेल्या चादरीइतका कोमट.

ती आडोशामागे गेली. पोत्यांवर एक रिकामा ट्रे पालथा ठेवला होता. तिने त्याला बोट लावलं आणि "आई गं!" करत ते तोंडात घातलं. बोट असं सणकून भाजलं की डोळ्यांत पाणी आलं. स्वतःच्या भाजण्यावर इतकं खूश झालेलं माणूस त्या भट्टीखोलीने आधी बघितलं नसेल.

मग हळूहळू तिला बाकीचं कळलं. भट्टीतला ट्रे हा. बाहेर गेलेला तो फळीवरचा गार ट्रे, वर गरम पाव मांडलेला. लेकीचे हात भाजू नयेत म्हणून उस्तादने ट्रे बदलला होता. तिने टाकला तर सुटली म्हणणाऱ्या बापाच्याने आयत्या वेळी तिला खरा ट्रे देववला नाही. म्हणून तो निर्धास्त हसत होता. पोरीने ट्रे धरला खरा, पण हा ट्रे तर कुणीही धरला असता. काहीच कळलं नाही, म्हणजे आणखी थोडे दिवस काहीच झालं नाही. असा त्याचा हिशेब.

पण माणसांचे हिशेब तपासण्यात ताईचं आयुष्य गेलं होतं, आणि यातली राहिलेली रक्कम तिला लगेच दिसली. एका माणसाला कळलं असणार. ज्या हातांनी तो ट्रे उचलला त्या हातांना. पोरीचे हात शाबूत असतील तर उचलताक्षणी तिला कळलं असणार की बापाने फसवलं. आणि बगळीचा स्वभाव! ती हे पोटात ठेवणारी नव्हती. आत्तापर्यंत तिने घर डोक्यावर घ्यायला हवं होतं. 'बाबांना काय वाटलं, मला जमणार नाही?' म्हणून थयथयाट करायला हवा होता.

ताईने कान दिला. पुढे दुकानात नुसतं हसणं चाललं होतं.

बगळी मागच्या अंगणात नळापाशी उभी होती आणि तळवे उन्हात उलटसुलट करून बघत होती. आत्याला बघून तिचा चेहरा उजळला.

"आत्या! मी मधे थांबले ते बघितलंस?"

"बघितलं."

"बाबा म्हणाले होते, नखरे नकोत, सरळ टेबल गाठ. पण काही वाटतच नव्हतं तर म्हटलं थांबूया."

"किती गरम होता गं?"

"विचारू नकोस! कसला तापला होता. वाफा नव्हत्या दिसत तुला?"

"वाफा मलाही दिसल्या. मी हातांचं विचारतेय. हातांना कसा लागला?"

"तेच तर! हातांना काहीच नाही." ती हसली. "म्हणजेच हात आला ना?"

पोर बढाई मारत असेल. अठराव्या वर्षी कोण मारत नाही? गार लागला असेल, पण आता एवढ्या शिट्ट्या झाल्यावर ते कोण कबूल करतं? ताईने त्या एवढ्याशा आशेला दोन्ही हातांनी धरलं. "हे बघ, मी कुणाला सांगणार नाही. खरं सांग मला. जरासा कोमट वाटला का? लाजू नकोस. कोमट वाटला असेल तर सांग, बाळा."

बगळीचं हसू मावळलं. "म्हणजे मला फुकटात मिळाली भट्टी, असं म्हणायचंय तुला?"

"तसं नाही—"

"तसंच आहे. आई म्हणालीच होती, आत्याला सोसणार नाही. दादाने टाकला म्हणून मीही टाकायला हवा होता ना? तू अशी बघत होतीस माझ्याकडे, मला दिसत होतं. तुला वाटत होतं मी टाकावा!"

"हो," ताई म्हणाली. "वाटत होतं."

भांडणात समोरच्याने एकदम कबूल केलं की माणसाची पंचाईत होते.

"सोसलं नाही हेही खरं आहे," ताई म्हणाली. "ते भांडण आपण नंतर करू, मी कुठे जात नाही. आत्ता इथे बस आणि चप्पल काढ."

"चप्पल कशाला?"

"काढ."

आत्याचा तो आवाज ऐकून गिऱ्हाइकंसुद्धा शिळे पाव परत करायचा हट्ट सोडून देत. बगळी नळाच्या कट्ट्यावर बसली. आजच्या दिवसासाठी घेतलेल्या नव्या चपला तिने काढल्या. ताईने तिचा उजवा पाय हातात घेतला. टाचेच्या वर पट्ट्याने कातडं सोलून काढलं होतं, चांगलं बोटभर, आणि चपलेच्या आतल्या बाजूला रक्त वाळून काळं झालं होतं.

"हे कधी झालं?"

"काय?" बगळीने वाकून बघितलं. "अय्या! हे कधी झालं?"

दारात चाहूल लागली. उस्ताद उभा होता. त्याने बहिणीकडे बघितलं, तिच्या हातातल्या पायाकडे बघितलं. "तू बोलणार नव्हतीस," तो म्हणाला.

"मी काही बोलले नाही. तीच बोलली. ट्रे कसला तापला होता म्हणते."

उस्तादने दाराची चौकट धरली. इतका वेळ चेहऱ्यावर असलेलं हलकेपण तिथल्या तिथे विरलं, आणि एकाएकी त्याच्याकडे बघवेना. तो पुढे आला, गुडघे उचलत, ओल्या फरशीवर पाय जपत. लेकीच्या शेजारी कट्ट्यावर बसला.

"पोरी," तो म्हणाला, "तो ट्रे मी बदलला होता. फळीवरचा घेतला. गार."

बगळीला वाटलं, बाबांची ही काहीतरी नवीन गंमत. ती हसलीसुद्धा. मग तिने वडिलांचा चेहरा बघितला. मग आपले तळवे बघितले. तळवे स्वच्छ होते, कुठे लाली नाही की काही नाही.

"गार होता?"

उस्तादने मान खाली घातली. तिने आत्याकडे वळून पुन्हा विचारलं, या वेळी अगदी लहान आवाजात, "आत्या, तो गार होता?"

ताईने तिचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि ओंजळीतलं पाणी सावकाश त्या जखमेवर सोडलं.

"हो, बाळा," ती म्हणाली. "गार होता."